हाताने करून पाहायचे विज्ञान: शिक्षक, पालक आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

मुंबईतल्या महापालिकेच्या आणि खासगी शाळांत, कधी सोसायटीच्या हॉलमध्ये, कधी गणपतीच्या मंडपात आम्ही काही जण मुलांबरोबर विज्ञानाचे प्रयोग करतो. सामान आवरायला घेतले की बाई, सर, पालक जवळ येऊन थांबतात आणि विचारतात. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रमाला फारसा अर्थ नाही. आपल्या कामाचा प्रश्न आधी वाचावा.

शाळेत प्रयोगशाळा आहे, पण कपाटाला कुलूप आणि किल्ली ऑफिसात. सुरुवात कुठून करायची?

कपाट राहू द्या. सहावी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत 'करून पहा' म्हणून जे दिलेले असते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींना त्या कपाटातले काहीच लागत नाही. चपलांचे एक रिकामे खोके घ्या. त्यात सुई नसलेली दहा मिलिलिटरची सिरिंज, फुगे, दोरा, दोन-चार नट, काचेचे सरळ पेले, मेणबत्त्या, जुन्या स्पीकरमधले चुंबक, हळद, खाण्याचा सोडा आणि एक टॉर्च टाका. एवढ्यावर पहिले सत्र आरामात निघते.

पहिला प्रयोग सिरिंजचाच करा. साठ-सत्तर अंशांचे गरम पाणी सिरिंजमध्ये तिसरा हिस्सा घ्या, हवा काढून टाका, तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी उकळू लागते. दट्ट्या सोडला की उकळणे थांबते. 'पाणी १०० अंशांना उकळते' हे वाक्य पाठ केलेल्या वर्गात यानंतर जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. पाण्यावरचा दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो, आणि कुकरमध्ये याच्या बरोबर उलट घडते, हे मग मुलेच सांगतात. गरम पाणी भरण्याचे काम मात्र मोठ्यांनी करायचे.

तास ३५ मिनिटांचा, वर्गात साठ मुले. प्रयोग करत बसलो तर पोर्शन कधी पुरा होणार?

प्रश्न रास्त आहे. प्रत्येक धड्याला प्रयोग करायला वेळ नसतो आणि तशी गरजही नसते. पण जो करायचा तो असा करा की त्यातून काहीतरी हाती लागेल. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात हेच तपासले आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक नुसते पाहिले, त्यांना त्यामागचे तत्त्व न पाहिलेल्यांपेक्षा फारसे जास्त कळलेले नव्हते. ज्यांनी आधी 'काय होईल' याचा अंदाज नोंदवला आणि मग पाहिले, त्यांना जास्त कळले होते.

आमचा सगळा भर यावरच आहे. सामान टेबलावर मांडा, पण प्रयोग सुरू करू नका. काय होईल ते प्रत्येकाने वहीत पेन्सिलीने लिहायचे. मग हात वर करून मोजणी घ्या आणि आकडे फळ्यावर लिहा. शेजारच्याशी दोन मिनिटे भांडू द्या. त्यानंतरच प्रयोग करा. यात पाच-सात मिनिटे जास्त जातात, हे खरे. पण लिहून ठेवलेला अंदाज चुकला की मुलगा मान वर करतो, आणि मग समजावून सांगायला निम्मा वेळ लागतो. अंदाजाला गुण ठेवू नका. गुण ठेवले की सगळी मुले वर्गातल्या हुशार मुलीची वही बघून लिहितात.

प्रयोग शिक्षकांनी करून दाखवावा की मुलांच्या हातात द्यावा?

ज्यात आग, काच, गरम पाणी किंवा तीव्र रसायन आहे तो शिक्षकांनी दाखवावा. बाकी सगळे मुलांच्या हातात द्यावे. गट चौघांचा पुरे. सहा जणांच्या गटात दोघे काम करतात, दोघे बघतात आणि दोघे मागच्या बाकावरच्या सामानाची खोडी काढतात.

पेल्याखाली मेणबत्ती विझली की पाणी एक पंचमांश चढते, म्हणजे हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे हे सिद्ध होते ना?

होत नाही. हा प्रयोग आम्हाला फार आवडतो तो याच कारणासाठी. पिढ्यान्पिढ्या तो चुकीच्या स्पष्टीकरणासकट शिकवला जातो आहे.

ताटलीत थोडे पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा पेला. ज्योत मंदावते, विझते आणि पाणी पेल्यात चढते. इथपर्यंत सगळे बरोबर आहे. आता वर्गाला तीन गोष्टी नीट बघायला सांगा.

एक, पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे बाहेर येतात का? बऱ्याचदा येतात. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून बाहेर पडत असते. दोन, पाणी कधी चढते? ज्योत जळत असताना संथपणे की विझल्यावर एकदम? बहुतेक चढण ज्योत विझताना आणि विझल्यानंतर होते. ऑक्सिजन संपत गेल्यामुळे पाणी चढत असते, तर ते मेणबत्ती जळत असताना चढत राहायला हवे होते. तीन, आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पेला तोच. ऑक्सिजन तेवढाच आहे, पण पाणी जास्त चढते. वर्गातले सगळे अंदाज कोसळतात ते इथे.

घडते असे: ज्योतीमुळे आतली हवा तापते आणि काही बाहेर जाते. ज्योत गेली की उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेण जळताना ऑक्सिजन खर्च होतो, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. वाफेचे पाणी होते, कार्बन डायऑक्साइड मात्र बराचसा तिथेच राहतो. शिवाय ऑक्सिजन पूर्ण संपेपर्यंत मेणबत्ती तग धरत नाही, तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ती विझते. म्हणजे एक पंचमांश हा आकडा जमून आला तर तो योगायोग.

कुणाला अजून शंका असेल तर मेणबत्ती बाजूला ठेवा. काचेचा जाड पेला गरम पाण्याने विसळा, ओता आणि लगेच ताटलीतल्या पाण्यावर उपडा घाला. काहीही न जळता पाणी थोडे चढते. ऑक्सिजनचे प्रमाणच दाखवायचे असेल तर ओल्या स्टीलवूलला गंजू द्या. त्याला दोन-तीन दिवस लागतात, पण तिथे ऑक्सिजनच्या जागी दुसरा वायू येत नाही.

हा प्रयोग करताना वर्गातला पंखा बंद करावा लागतो. जूनमध्ये करणार असाल तर मुलांची आधीच माफी मागून ठेवा.

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग पुस्तकात सोपा दिसतो. आमच्याकडे होतच नाही. काय चुकते?

तुमचे काही चुकत नाही, तुम्ही मुंबईत राहता. पावसाळ्यात इथली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. दमट हवेत वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि घासून जमवलेला प्रभार त्यातून वाहून जातो. अभ्यासक्रमाच्या नियोजनात स्थितिक विद्युत ऑगस्टमध्ये आली असेल, तर धडा शिकवा आणि प्रयोग डिसेंबर-जानेवारीवर ढकला. तेव्हा उत्तरेकडून कोरडे वारे येतात आणि तोच कंगवा कपटे उचलतो.

थांबायचेच नसेल तर काही युक्त्या आहेत. वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानातून हातभर कापून आणा. पाइप आणि घासायचा कागद दोन्हींवर हेअर ड्रायरची गरम हवा मारा आणि लगेच घासा. कॉम्प्युटर लॅबमध्ये एसी असेल तर वर्ग तिथे न्या, कारण एसी हवेतले बाष्पही काढतो. प्रभार आलेला पाइप नळाच्या बारीक धारेजवळ धरला की धार वाकते. कपट्यांपेक्षा हे मागच्या बाकावरून नीट दिसते.

खरे तर मुंबईच्या मुलांसाठी यापेक्षा चांगला प्रयोग म्हणजे तोच कंगवा जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दर पंधरा दिवसांनी घासायचा आणि किती कपटे उचलले गेले ते लिहायचे. शेजारी त्या दिवशीची आर्द्रता. मुंबईचे हवामान एका आलेखात उमटते.

मग पावसाळ्यात काय करण्यासारखे आहे?

पाऊस मोजा. दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा आत बसवा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली रुंद असो की अरुंद, तोंड आणि पोट सारख्याच व्यासाचे असेल तर मिलिमीटरचा आकडा तोच येतो. असे का, हा गणिताच्या सरांना द्यायचा प्रश्न. हवामान खाते सकाळी साडेआठची नोंद घेते, तुम्हीही तीच वेळ पाळा. म्हणजे आकडे ताडून बघता येतात.

वर्गातली मुले वेगवेगळ्या भागांतून येत असतील तर मजा वाढते. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३. एका शहरातल्या दोन वेधशाळांची ही तफावत. घाटकोपरच्या आणि गिरगावच्या बाटल्यांमध्ये एकाच सकाळी किती फरक पडतो ते मुलांनी स्वतः मोजले, की 'मुंबईत आज एवढा पाऊस' या बातमीकडे ती वेगळ्या नजरेने बघतात. बाटली गच्चीवर मोकळ्या जागी ठेवा, बाल्कनीत ठेवलीत तर वरच्या मजल्याच्या छज्ज्याची धार मोजाल.

दुसरा प्रयोग दोन साध्या तापमापींचा. पाऱ्याच्या नकोत, अल्कोहोलच्या किंवा डिजिटल घ्या. एकीच्या टोकाला ओले मलमल गुंडाळा आणि पंख्याखाली ठेवा. ओल्या तापमापीतला आकडा खाली उतरतो. जुलैत हा फरक जेमतेम दोन अंशांचा असतो, जानेवारीच्या कोरड्या दुपारी तो आठ-दहापर्यंत जाऊ शकतो. घाम येऊनही गार का वाटत नाही आणि दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलसर का राहतात, दोन्हींचे उत्तर या एका फरकात आहे.

आम्ल-आम्लारी ओळखायला स्वयंपाकघरातले दर्शक कोणते? लिटमस संपला आहे.

हळद सगळ्यांना माहीत असते. हळदीच्या पाण्यात कागद रंगवून वाळवला आणि त्यावर चुन्याच्या निवळीने किंवा धुण्याच्या सोड्याने लिहिले की लाल अक्षरे उमटतात. लिंबू लावले की परत पिवळी. पण हळदीची मर्यादा मुलांना दाखवायलाच हवी: साधे पाणी आणि लिंबाचा रस तिला सारखेच, दोन्हींत ती पिवळीच. ती आम्लारी ओळखते, आम्ल ओळखत नाही.

ते काम कुंपणावरची निळी गोकर्ण करते. पाच-सहा फुले गरम पाण्यात टाका, पाणी गडद निळे होते. त्यात लिंबू पिळले तर जांभळट गुलाबी, धुण्याचा सोडा टाकला तर हिरवे. जास्वंद आणि लाल कोबीही चालतात. कोकणातली आजी असेल तर डब्यात आमसुले असतातच. त्यांचे लाल पाणी मुळातच आंबट, म्हणून सोडा टाकल्यावर आधी फसफसते आणि मग रंग जांभळट होऊ लागतो. रंग बदलायला इतका सोडा का लागला, हा चांगला प्रश्न आहे. उत्तर मुलांकडून काढून घ्या.

स्टार्च तपासायला आयोडीनची वेगळी बाटली नको. औषधाच्या दुकानातले पोव्हिडोन आयोडीन पाण्यात पातळ करून भातावर, बटाट्यावर, पावावर टाका, निळे-काळे होते. तपासलेले काहीही खायचे नाही.

शून्य सावलीचा दिवस मुंबईत कधी असतो आणि मुलांना कसा दाखवायचा?

मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मेच्या १५-१६ तारखेला आणि जुलैच्या २७-२८ तारखेला. अडचण अशी की मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग. आम्ही मेचाच धरतो आणि मुलांना आपापल्या गच्चीवर जायला सांगतो. सरळ बाजूंचा पेला किंवा डबा उभा ठेवायचा आणि साडेबाराच्या आधीपासून दर दोन मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपायचे. साधारण १२:३५ ला सावली पायाखाली जाते. कुलाबा आणि दहिसर यांच्या अक्षांशात जेमतेम एक तृतीयांश अंशाचा फरक आहे, पण मेच्या मध्यात सूर्य रोज साधारण पाव अंशच उत्तरेकडे सरकतो. म्हणून दहिसरला हा दिवस कुलाब्यानंतर एक दिवसाने येऊ शकतो. आजी-आजोबा गिरगावात आणि आपण बोरिवलीत अशी मुले मुंबईत पुष्कळ. त्यांना दोन्हीकडे मोजमाप घेता येते.

'मग भर दुपार बारा वाजता का नाही?' हा प्रश्न हमखास येतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला, ७२.८ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे जवळजवळ ३९ मिनिटांचा उशीर. पूर्वी या शहराची 'बॉम्बे टाइम' नावाची स्वतःची वेळ होती, तीही आजच्या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. वर्षभरात मुंबईची खरी मध्यान्ह साधारण १२:२२ ते १२:५३ यांच्या दरम्यान हलत राहते. हे शोधून काढायला शून्य सावलीची वाट बघायला नको, शाळेच्या पटांगणात कुठल्याही महिन्यात सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपली तरी पुरते.

लोकल ट्रेनमध्ये काही करता येईल का? मुले रोज तासभर त्यात असतात.

येईल, पण रविवारी दुपारी, बसायला जागा मिळाल्यावर आणि दारापासून लांब. हे तीन्ही नियम पाळता येत नसतील तर सोडून द्या.

दोऱ्याला नट बांधा आणि कागदी कोनमापकाच्या मध्यावरून लोंबता सोडा. गाडी सुटताना नट मागे जातो, थांबताना पुढे. दोरा उभ्या रेषेपासून तीन अंश कलला तर गाडीचे त्वरण अर्धा मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद, पाच अंश कलला तर साधारण ०.८६. सूत्र सोपे आहे: कोनाचा टॅन्जंट गुणिले गुरुत्वत्वरण. दहावीच्या मुलांना भूमितीतल्या त्रिकोणमितीचा उपयोग पहिल्यांदा दिसतो तो बहुधा इथे.

आता पाण्याची बाटली जवळजवळ भरून, आत एकच बुडबुडा ठेवून आडवी धरा. गाडी सुटताना बुडबुडा कुठे जाईल? जवळपास सगळे म्हणतात 'मागे', कारण आपण मागे जातो, नट मागे गेला. बुडबुडा पुढे जातो. जड पाणी मागे रेटले जाते आणि हलक्या हवेला पुढची जागा मिळते. ठाण्याहून निघालेली ही चर्चा दादरला उतरेपर्यंत संपत नाही. मोबाइलवर फायफॉक्स नावाचे मोफत अॅप आहे, ते फोनमधल्या संवेदकाने त्वरणाचा आलेख काढते. आधी दोरा, मग अॅप, असा क्रम ठेवा. उलट केले तर दोऱ्याकडे कुणी बघत नाही.

समुद्राचा काही उपयोग?

भरती-ओहोटीच्या वेळा महिनाभर लिहून काढा आणि शेजारी रोजच्या चंद्राचे चित्र. भरती रोज सरासरी ५० मिनिटे पुढे सरकते, हे मुलांना स्वतःच्या तक्त्यात सापडते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढू शकते. बघायचे ते कठड्याच्या अलीकडून, खडकांवर उतरायचे नाही.

सामान कुठे मिळते?

एलईडी, छोट्या मोटर, वायर, बझर यांसाठी ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. परीक्षानळ्या, बीकर, रसायने प्रिन्सेस स्ट्रीटला. इलेक्ट्रिकचे सामान लोहार चाळीत. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे इनॅमल केलेली तांब्याची तार वजनावर मिळते. मोटर बनवताना तिच्या टोकांवरचे इनॅमल खरवडायचे असते, निम्म्या मोटर तेवढ्यासाठीच अडून बसतात. एसी दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याच्या नळीचा फूटभर तुकडा मागून घ्या. त्यातून छोटे निओडिमियम चुंबक सोडले की ते तरंगत आल्यासारखे सावकाश उतरते, तेवढ्याच आकाराचा लोखंडी नट मात्र धाडकन पडतो. सिरिंज, आयोडीन, ग्लिसरीन औषधाच्या दुकानात. उरलेले सगळे भंगारवाल्याकडे.

कोणते प्रयोग करूच नयेत?

घरातल्या प्लगची २३० व्होल्टची वीज वापरून काहीही नाही. चार्जरला तारा जोडूनही नाही.

मीठ घातलेल्या पाण्याचे विद्युत अपघटन नाही, त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. पाण्यात खाण्याचा सोडा घाला, नऊ व्होल्टची बॅटरी आणि पेन्सिलीची शिसे वापरा, दोन टोकांवरच्या बुडबुड्यांतला फरक तसाच दिसतो.

अमोनियम डायक्रोमेटचा नारिंगी ज्वालामुखी सुंदर दिसतो, पण त्याची राख आणि मूळ पावडर बंद वर्गात उडवण्यासारखी नाही. ती पावडर कर्करोगकारक आहे आणि राखेत तिचे न जळलेले कण उरू शकतात. पेटत्या ज्योतीवर स्पिरिट ओतायचे नाही, अशा 'रंगीत ज्वाला' दाखवताना जगभर मुले भाजली आहेत. नाली साफ करायची पावडर आणि फॉइल वापरून हायड्रोजनचे फुगे भरायचे नाहीत. एक्स-रेच्या फिल्ममधून किंवा काळ्या चष्म्यातून सूर्याकडे बघायचे नाही. बारीक भोकाच्या पुठ्ठ्यातून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडा. मीटरभर अंतरावर ती साधारण नऊ मिलिमीटरची येते आणि त्यावरून सूर्याचा व्यासही काढता येतो. निओडिमियम चुंबके आणि बटण सेल लहान मुलांच्या हाती देऊ नका, गिळले तर आतड्याला किंवा अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

आणि त्या कुलूपबंद कपाटात लेबल गेलेल्या बाटल्या असतील तर त्या उघडून वास घेऊन ओळखण्याचा प्रयत्न करू नका.

नारळातून आग काढण्यासारखे 'चमत्कार' वर्गात दाखवावेत का?

महाराष्ट्रात चमत्कारांमागचे विज्ञान उघड करून दाखवण्याची जुनी आणि चांगली परंपरा आहे. पण नारळात सोडियम धातू असतो आणि तो पाण्याशी स्फोटक वेगाने वागतो. हे शिकलेल्या कार्यकर्त्यांनाच बोलवा. वर्गात हळदीच्या कागदावर चुन्याचा लाल हात उमटवलात तरी मुद्दा पोहोचतो. मात्र युक्ती सांगितल्याशिवाय तास संपवू नका. शेवटच्या पाच मिनिटांत घंटा झाली आणि युक्ती राहिली, तर मुले घरी चमत्कारच घेऊन जातात.

यूट्यूबवर सगळे प्रयोग आहेत. तेच दाखवले तर?

जे वर्गात शक्य नाही ते जरूर दाखवा. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडले, ते दृश्य कुठल्याही वर्गाला दाखवण्यासारखे आहे. पण तिथेही आधी थांबवा आणि अंदाज लिहून घ्या. लिंबू-सोड्याचा व्हिडिओ दाखवायला मात्र प्रोजेक्टर लावू नका, लिंबू आणा.

प्रयोग मुलांसमोर फसला तर फजिती होते.

आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली करून बघा. तरी फसलाच तर कारण शोधायचे काम वर्गाला द्या. एलईडी पेटत नाही? पाय उलटे जोडले असतील, सेल संपला असेल, तार सुटली असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढा नियम फळ्यावर लिहा. ही दहा मिनिटे वाया जात नाहीत.

दहावीला प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात. त्यासाठी जर्नल पुरे नाही का?

गुणांसाठी पुरे असेल. पण निरीक्षणांचे आकडे आधी आणि प्रयोग नंतर, असे जर्नल बऱ्याच घरांतून लिहिले जाते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गुरुत्वत्वरण काढायचा दोलकाचा प्रयोग एकदा खरा करून बघा. लांबी दोलकाच्या गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजा, वीस आंदोलनांचा वेळ घ्या, वीसने भागा. २५ सेंटिमीटरच्या दोलकाला साधारण एक सेकंद लागतो. मुंबईत गुरुत्वत्वरण ९.७९ च्या जवळ आहे, पण साठ मुलांच्या वहीत ९.३ पासून १०.२ पर्यंत काहीही येऊ शकते. ते सगळे आकडे फळ्यावर मांडा. ज्याचे बरोबर ९.८ आले त्याला विचारा, घड्याळ कुठले वापरले.

विज्ञान प्रदर्शनासाठी प्रोजेक्ट सुचवाल का?

थर्माकोलची सूर्यमाला, हायड्रॉलिक पूल आणि लाल ज्वालामुखी सोडून काहीही. हे तिन्ही तयार मिळतात आणि परीक्षकांनाही ते पाठ आहेत. घरातला एखादा प्रश्न घ्या: कोणत्या डब्यात भात दुपारपर्यंत गरम राहतो? पंख्याखाली घडी घातलेला टॉवेल आणि पसरलेला टॉवेल यांच्या वजनात तासातासाने किती फरक पडतो? चवथ्या आणि चौदाव्या मजल्यावरच्या नळाची बादली किती सेकंदांत भरते? मोजमापे मुलाच्या अक्षरात हवीत, खाडाखोडीसकट. बाबांनी रात्री दोनला रंगवलेला तक्ता लांबून ओळखू येतो.

वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे. तिला कसे सामील करायचे?

सर्किटमध्ये एलईडीच्या जागी बझर लावा, तिच्या गटासाठीच नव्हे, सगळ्यांसाठी. सिरिंजमधला हवेचा दाब, चुंबकांचे ढकलणे, ओल्या-कोरड्या कापडाचा गारवा हे हातालाच कळते. दर्शकांच्या तासाला कांद्याचा वास वापरता येतो: आम्लात तो टिकतो, तीव्र आम्लारीत जातो. ते द्रावण बाईंनी हाताळावे. अंदाज मात्र तिनेही आधी सांगायचा, सवलत नाही.

मुलांना मुंबईत कुठे न्यावे?

वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, १९८५ पासून सुरू आहे आणि तिथली बाहेरची विज्ञान बाग आतल्या दालनांइतकीच महत्त्वाची. जवळच १९७७ चे नेहरू तारांगण. चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद, १९६६ पासून मराठीत विज्ञानाचे काम करते. शिक्षकांनी स्वतःसाठी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघावे. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे केंद्र आहे आणि विज्ञान शिकवायचे कसे यावर १९७४ पासून तिथे काम चालते.

सहल नेताना सगळे दाखवायचा हट्ट सोडा. तीन उपकरणे ठरवा, प्रत्येकापाशी पंधरा मिनिटे थांबा आणि बटण दाबण्याआधी अंदाज घ्या. बाकीचे मुले पळत पळत बघतातच.

तुम्ही आमच्या शाळेत याल का?

येतो. एक नळ, दोन टेबले, बंद करता येणारे पंखे आणि तासभर वेळ लागतो. विज्ञानाच्या बाई किंवा सर पूर्ण वेळ वर्गात हवेत. आम्ही प्रयोग करतो तेवढ्यात पेपर तपासायला गेलात तर आम्ही थांबून तुमची वाट बघू. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मात्र बोलावू नका. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन, १९२८ मध्ये त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, आणि त्या एका आठवड्यात मुंबईतल्या सगळ्या शाळांना एकदम विज्ञान आठवते. ऑगस्टमध्ये आम्ही मोकळे असतो. फक्त तेव्हा कंगव्याचा प्रयोग मागू नका.